स्वतःविषयी एक पान

२४ मे १९३८, मंगळवार
शेतकी कॉलेजचा फॉर्म आला. नाव, गाव, मॅट्रिकचे मार्क वगैरे किरकोळ बाबी पहिल्या पानावर. दुसरे पान सबंध कोरे. वर एवढीच सूचना, की उमेदवाराने स्वतःविषयी आणि आपण या शिक्षणास का लायक आहोत याविषयी स्वहस्ते लिहावे, व मजकूर खरा असल्याबद्दल गावच्या दोन प्रतिष्ठित गृहस्थांची साक्ष घ्यावी. नंदुरबारचे हेडमास्तर म्हणाले, याला पर्सनल स्टेटमेंट म्हणतात आणि प्रिन्सिपॉलसाहेब मार्कांपेक्षा हेच बारकाईने वाचतात. ऐकून फार बरे वाटले. माझे मार्क पाहता हीच पद्धत न्यायाची आहे.

आबांना सांगितले. ते म्हणाले, "नंबर लागना तं जाय. नही तं पेरनीपासून भिलासंगे वावरमा." वडिलांना कॉलेज आणि वावर यांतला फरक कळत नाही याचे वाईट वाटते. पण वावरात मी जाणार नाही हे नक्की. पुण्यात राहायचे, कोट घालायचा, हे मी सहावीपासून ठरवले आहे.

लास्ट डेट १५ जून. एका पानाला तीन आठवडे. उद्या संपवून टाकतो.

२५ मे
पहाटे पाचला उठून लिहिण्याचा संकल्प होता. साडेआठला उठलो. डोके ताजे हवे.

"मी नथ्थू दोधू पाटील, राहणार कोरीट," असे झकास सुरू झाले. पुढे सुचेना. दुपारपर्यंत बसून लक्षात आले, की दोष लेखणीचा नाही. माझ्या आयुष्यात अजून काही घडलेलेच नाही. मॅट्रिकला तीनदा बसलो ही घटना आहे, पण ती लिहिण्यासारखी नाही.

भिला पाणी प्यायला आत आला. हा माझा चुलतभाऊ. काका वारल्यापासून आमच्याकडेच असतो, शेत तोच पाहतो. मॅट्रिक पहिल्याच फटक्यात पास झाला, पण ॲम्बिशन शून्य. काय लिहितोस म्हणून त्याने विचारले. सांगितले. तो म्हणाला, "जे करं ते लिख ना भो." बिचारा. इतके सोपे असते तर हेडमास्तरांनी बजावून का सांगितले असते?

निर्णय: आधी घडवायचे, मग लिहायचे. तीन पॉइंट पुरेत. शेतीचा अनुभव, समाजसेवा आणि धाडस.

२७ मे
पॉइंट पहिला. भिलाकडून वखर मागून घेतला. म्हटले, आज सबंध वावर मी वखरणार. तो बांधावर बसला.

बैल अशिक्षित आहेत. पहिल्या तासाला, म्हणजे पहिल्या ओळीला, सरळ गेले, वळताना विहिरीकडे निघाले. मी दोर ओढला, त्यांनी मला ओढले. हौदावर त्यांचे पाणी होईपर्यंत मीही थांबलो. मग टाच दुखू लागली. उरलेले भिलाने केले. तरी सुरुवात माझीच, आणि मोठ्या कामात सुरुवातीलाच महत्त्व असते.

३० मे, मोलगी
पॉइंट दुसरा. डोंगरातल्या बाजारात आरोग्यावर भाषण. अर्धी वाट गाडी, पुढचा घाट पायी. नव्या बुटांत यायला नको होते.

माणकचंदशेठच्या दुकानातून साबणाच्या सहा वड्या आणल्या होत्या. एक हातात उंच धरून स्वच्छतेवर वीस मिनिटे बोललो. गर्दी चांगली जमली. माझी मराठी त्यांना कळली नसावी, कारण शेवटी सगळ्यांनी भाव विचारला. नाही म्हणणे बरे दिसेना. पाच वड्या गेल्या. समाजसेवेची इतकी मागणी असेल असे वाटले नव्हते.

संध्याकाळी पाय सुजून बुटात जाईनात. रेवाबाई म्हणून एका म्हातारीने घरात घेतले, तेल चोळले, भाकर वाढली. तिची बोली मला येत नाही, माझी तिला नाही. ती मात्र माझ्या बुटांकडे पाहून बराच वेळ हसत होती. सहावी वडी तिला दिली.

२ जून
भिला घाटाखाली गाडी सोडून मोलगीला आला आणि मला घरी आणले. घाट उतरेपर्यंत मला पाठुंगळी घेतले होते. हा तपशील स्टेटमेंटमध्ये येणार नाही. जागा कमी आहे.

५ जून, प्रकाशा
पॉइंट तिसरा, धाडस. तापीच्या घाटावर यात्रेकरूंची वर्दळ असते, कोणीतरी बुडेलच, असा हिशेब. काल दिवसभर बसलो. कोणी बुडाले नाही. उन्हाळ्यात पाणी उतरते हे विसरलो होतो.

आज दुपारी एका बाईने डुबकी मारली ती वर येईना. मी मनात दहापर्यंत मोजायचे ठरवले आणि सातालाच उडी टाकली. तेवढ्यात ती वर आली. मी मात्र शेवाळ्यावरून घसरलो आणि नाकातोंडात पाणी गेले. मला न्यायला गाडी घेऊन आलेला भिला बैलांना पाणी दाखवत तिथेच होता. त्याने कॉलर धरून काढले. पाणी गुडघाभर होते असे तो म्हणतो. मला खोल वाटले, आणि शेवटी अनुभव माझा आहे.

बाईने प्रसादाचा नारळ मलाच दिला. म्हणजे तिलाही उपकाराची जाणीव झाली.

८ जून
स्टेटमेंट पूर्ण. तेरा पाने झाली होती, बारीक अक्षरात एकावर बसवली. "लहानपणापासून नांगर हाच माझा सोबती." "डोंगरी बांधवांत मी आरोग्याचा प्रसार केला." "तापीच्या रौद्र प्रवाहातून एका मातेस वाचवले." वाचताना माझेच डोळे भरून आले. असा उमेदवार मी प्रिन्सिपॉल असतो तर हातचा सोडला नसता. पुण्यात कोट शिवायला कोणता शिंपी बरा, याची चौकशी सुरू केली आहे.

आता फक्त दोन साक्षी. दहा मिनिटांचे काम.

११ जून
साक्षीला पोलीस पाटील जालमसिंगबाबा आणि माणकचंदशेठ, दोघेही वजनदार. पण कोरीटची एक जुनी रीत मी पार विसरलो होतो. इथे कागदावर अंगठा उठण्याआधी तो चावडीवर मोठ्याने वाचावा लागतो. ऐकणाऱ्यांपैकी कोणाची हरकत असली तर तलाठी ती त्याच कागदावर खाली शेरा म्हणून लिहितो. जमिनीच्या कागदाला हे ठीक. पर्सनल स्टेटमेंटला नको, असे मी सांगून पाहिले. पाटीलबाबा म्हणाले, "अंगठा मन्हा शे. आमनी बोलीमा सांग, मंग उठाडसू."

सांगितले. अर्धे गाव जमले होते.

नांगराच्या वाक्याला आबा स्वतःच उठले. म्हणाले, एक तास चालला, बाकी वावर भिलाने वखरले, लिहा. माझा बाप. मोलगीच्या वाक्याला माणकचंदशेठ म्हणाले, "मैं तो जो सच है वोही लिखवाऊंगा. साबुन मेरे दुकान का, और इसको उठाके लाया भिला." तापीचे वाक्य आले तेव्हा भिला मागे उभा होता. मी त्याच्याकडे पाहिले. तो मान खाली घालून म्हणाला, "पानी गुडघाभर व्हतं, बाबा. पन उडी त्यानी मारी, ते खरं शे." तलाठ्याने तेही लिहिले. तलाठ्याचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे.

मग दोघांनी साक्ष घातली. पाटीलबाबा पाठीवर थाप मारून म्हणाले, आता कागद पक्का झाला.

१२ जून
दुसरा फॉर्म मागवायला वेळ नाही. हाच रजिस्टरने पाठवला. प्रिन्सिपॉलसाहेबांसारखी कामाची माणसे खालचे शेरे वाचत नाहीत. इम्प्रेशन पहिल्या ओळींवरच पडते.

१९ जून
पेरणी सुरू. आबांना सांगितले, उत्तर येईपर्यंत थांबा, हातांना घट्टे पडले तर कॉलेजात बरे दिसणार नाही. माय म्हणाली, "ऱ्हाऊ द्या त्याले, चार दिननी गोट शे." माय माझ्या बाजूने आहे. तिने लाडू करून ट्रंकेत ठेवले.

२४ जून
पत्र आले. पोस्टमनने पारावरच हातात दिले, म्हणून मोठ्याने वाचायला घेतले. तिथेही चूक झाली.

माझा अर्ज नामंजूर. पुढे लिहिले आहे: "तथापि, शेऱ्यांमध्ये ज्या भिला नामक इसमाचा वारंवार उल्लेख आहे, तो मॅट्रिक असल्यास त्याने तारखेचा विचार न करता ३० जूनपूर्वी हजर व्हावे. एक जागा राखून ठेवली आहे. त्याने पर्सनल स्टेटमेंट पाठवण्याची आवश्यकता नाही. ते आम्हांस मिळाले आहे."

भिलाला वावरातून बोलावले. तो म्हणाला, "मी तं अर्जच करा नही." मग म्हणाला, मी गेलो तर पेरणी कोण करील. पारावरच्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. आबांनीही.

मला खरोखर जायचे होते.

२६ जून
भिलाला नंदुरबार स्टेशनवर पोचवले. माझी ट्रंक त्यालाच दिली. लाडवांसकट. त्याग म्हणून नव्हे, त्याच्याकडे ट्रंक नव्हती. गाडी येईपर्यंत तो मला बैलांविषयीच सांगत होता. डावा बैल वळताना आडवा जातो, त्याला ओढायचे नाही, नुसते बोलायचे. गाडी हलल्यावर खिडकीतून ओरडला, "नथ्थूभाऊ, चिठ्ठी लिखजो, तुले चांगलं लिखता येस." तो थट्टा करत नव्हता. तेच जास्त लागले.

२९ जून
दोन दिवस वावरात. काल बैल तीनदा हौदावर घेऊन गेले. आज एकदाच. डाव्याशी बोललो, त्याने ऐकले. दुपारपर्यंत पाच तास सरळ पडले. आबांनी बांधावरून मोजले.

प्रिन्सिपॉलसाहेबांना पानभर लिहिता येईल असे आयुष्यात प्रथमच काही घडले आहे. पण तळहातांना सात फोड आले आहेत आणि पेन धरवत नाही.