दीपमालाच्या ओट्याखालचं लाकूड

हा कोरा कागद सोमवारपासून खिशात आहे. आज लिहू, उद्या लिहू करत गुरुवार आला. उद्या सकाळी माझ्या काळजाची झडप बदलणार आहेत, म्हणून बसलो.

मी शिवम रामकिशन पांचाळ, वय २८, सुतार, राहणार मुरुड, जिल्हा लातूर. डोकं ठिकाणावर आहे, कोणी दाबून लिहून घेतलेलं नाही. माझ्यामागं माझ्या वस्तूंचं असं व्हावं.

१. मुरुडच्या दोन खोल्या बायको दीपमाला हिच्या. आठ महिने झाले, ती देगलूरला माहेरी आहे. मी गावोगाव लोकांची किचनं करत फिरलो, आणि आमच्या ओट्याखाली जुन्या साडीचा पडदा. जाताना म्हणाली, "पडद्यामागनं उंदीर माझ्याकडं बघून राहिलेत. तुम्ही कधी बघणार?" मी त्याच दुपारी हैदराबादला कामावर गेलो.

२. त्या ओट्याखाली पडद्याच्या जागी कपाट ईश्वरप्पा मिस्त्रींनी करावं, ज्यांच्या हाताखाली मी शिकलो. माझा रंधा, कटर, ड्रिल त्यांना. बुडाची चौकट सागवानाची, तळाला मरीन प्लाय, पाण्यानं फुगत नाही. दारं कशाचीही चालतील, पण बुडाला भुशाचा बोर्ड नको. आपल्याकडं फरशी बादलीनं धुतात. नांदेडला अनंतराव सरांच्या किचनला घाईत मी तोच लावला, चार महिन्यांत फुगला. मिस्त्री सगळ्यांसमोर म्हणाले, "कपाट हाय का टोस्ट? घे, चहात बुडवून खा." तेव्हापासून आमचं बोलणं नाही. त्यांचं खरं होतं, हे लिहून देतो. कडुनिंबही चालतो, वाळवी लागत नाही. देवणीला एकदा कडुनिंबाचा गोठा बघितला होता, पण ते राहू द्या.

सागवानाच्या पाच फळ्या मागच्या खोलीत आहेत. जुन्या दारांच्या, तिच्यासाठीच आणलेल्या. तिला सांगितलं नाही. त्यांच्यावर हात फिरवला की वाटतं, पलीकडं ती भांडी लावतीय.

३. मोटरसायकल मित्र आलोकला. त्यानं ऑपरेशन होईपर्यंत दीपमालाला कळवू नये. कीव येऊन आलेली मला नको. आत्ता वाटतंय, तशी आली तरी चालेल. पण वरचं खोडत नाही.

एवढं लिहिलं आणि वॉर्डाच्या दारात सासरे संगप्पा उभे. खाटेजवळ बसलेल्या आलोकनंच आधी कळवलेलं दिसतंय. माझं तोंड बघणार नाही म्हणाले होते. म्हणतात, "पोरगी खाली रिक्षात बसलीय. तुम्ही बोलावलं तरच वर येते म्हणती."

मी "बोलाव" म्हटलं, तसा आलोक सही करून जिन्याकडं पळाला.

लातूर, १३ नोव्हेंबर २०२५
लिहिणार: शिवम रा. पांचाळ (सही)
साक्षीदार १: आलोक (सही)
साक्षीदार २: संगप्पा. सही देत नाहीत. म्हणतात, "जावईबापू, कपाट तुम्हीच करा."