तळ्यावरची गर्दी

तीर्थस्वरूप वन्सं यांना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही त्याचं नावही काढलं नाही, म्हणजे दुखत असणार. मी बरी आहे. दुकान चालतंय, डोकं मात्र चालेनासं झालंय. त्याची हकीकत लांबलचक आहे, तेव्हा बसून वाचा.

तुमच्या भावाची सवय तुम्हाला ठाऊकच आहे. दुकानात कुणी तोंड पाडून आलं, की लढायाबिढायांचे व्हिडिओ गेम बाजूला सारून हे त्याच्या हातात तो मासे धरायचा गेम ठेवायचे. ‘आठवडाभर तळ्यावर बसून या, पैशांचं मग बघू.’ (पैशांचं कधीच बघितलं नाही, हेही तुम्हाला ठाऊक आहे.) हे गेल्यावर मी ती पद्धत मोडली नाही. फक्त हिशेबनिसांनी मला बजावलं होतं, की बिलाच्या यंत्राला दाखवल्याशिवाय दुकानातून काडीही बाहेर जाऊ द्यायची नाही. म्हणून मी ती एकच डिस्क दर वेळी यंत्राला दाखवून, किंमत शून्य टाकून देत राहिले. परत आली की फडक्याने पुसायची आणि फळीवर ठेवायची. परत आलेलंही यंत्राला कळवायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नाही, आणि यंत्रानेही चौकशी केली नाही.

पुढे काय झालं, तर गेमच्या मासिकात खपाची यादी छापून येते, तिच्यात आपला मासेवाला वरून तिसरा! मला वाटलं, जगाला उशिरा का होईना शहाणपण आलं. जग येईल तेव्हा माल हवा, म्हणून मी खोकंभर डिस्का मागवल्या. जग काही आलं नाही. खोकं दारात, आणि मी त्याला अडखळतेय.

तेवढ्यात ती यादी बनवणाऱ्या पाहणी कंपनीचा आकडेवाला आला. (हा अधूनमधून येतो, पाणी पितो आणि यंत्रातली विक्री उतरवून नेतो.) मी त्याला चांगलं फैलावर घेतलं, की तुमच्या यादीतली ती गिऱ्हाइकं आहेत कुठे? तो बराच वेळ लॅपटॉपमध्ये बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “काकू, ती गिऱ्हाइकं म्हणजे तुम्हीच.”

आता मला समजलं तसं सांगते, म्हणजे अर्धवट. सगळी दुकानं मोजणं परवडत नाही, म्हणून ते मोजकी दुकानं नमुना म्हणून धरतात आणि बाकीच्यांचा अंदाज बांधतात. आपलं दुकान नमुन्यात आहे, आणि आपल्याकडच्या एका विक्रीचे ते चाळीस करतात. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. पण इथे एकच शीत पुन्हा पुन्हा पातेल्यात जात होतं. मोठी दुकानं आकडे देत नाहीत, लोक घरबसल्या गेम उतरवून घेतात ते या यादीत धरत नाहीत. मग मोजतात तरी कुणाला, असं मी विचारलं. त्याने पुन्हा पाणी मागितलं. वाचनालयातून संख्याशास्त्राचं पुस्तक आणलंय. तिसऱ्या पानापर्यंत सगळं पटतं, चौथ्यावर मी पुन्हा पहिलं काढते.

आता तो आकडा दुरुस्त होणार आणि आपलं दुकान नमुन्यातून निघणार. व्हायलाच हवं, खोटं ते खोटं. पण हा गेम खेळणारे सगळे इंटरनेटवरून एकाच तळ्यावर येतात, आणि गेम बनवणारे ते तळं बंदच करणार होते, ते ती यादी बघून थांबले, असं त्याच मासिकात आलं होतं. तुमच्या भावाचा गेममधला माणूस अजून त्या तळ्यावर, लाकडी धक्क्याच्या टोकाला, हिरवी टोपी घालून बसलेला आहे. गळ टाकून हे उठले आणि पुन्हा बसले नाहीत. दुकान बंद केलं की मी थोडा वेळ तिथे जाऊन येते. करत काही नाही.

असो. गुडघा शेकत जा.

तुमची,
भावजय

ता. क. : तुमच्या चौकातल्या दुकानातून हा गेम एक घ्याल का? अगदी रीतसर, पैसे मोजून. माझ्या खोक्यातला पाठवला असता, पण तो आता कुणी मोजणार नाही. आधी दुकानदाराला विचारा, ‘तुम्ही नमुन्यात आहात का?’ नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा. खेळता नाही आला तरी चालेल, मोजणारे ते विचारत नाहीत.

आणखी एक : खेळून बघितलातच आणि धक्क्यावर हिरवी टोपी दिसली, तर शेजारी बसा. हाक मारू नका, मासे बिचकतात म्हणून हे रागावायचे.