कळपाच्या माना

दारव्हा, ४ मे १९६१
मूर्तिजापूरहून छोटी गाडी इतक्या निवांतपणे आली की दोनदा उतरून पायी चालावेसे वाटले. पण घर झकास. यजमान सदाशिवराव पूर्व आफ्रिकेत अठ्ठावीस वर्षे रेल्वेत कारकून होते. सुट्टी मिळाली की तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत हिंडायचे. आता त्याचे वर्णन छापून यावे अशी त्यांची इच्छा, आणि ते लिहायला नागपूरच्या साप्ताहिकाचा हा वार्ताहर. वय बावन्न, शिक्षण संस्कृत पाठशाळेत, आफ्रिकेचा अनुभव शून्य. खोलीला वाळ्याचा पडदा, जेवायला स्वयंपाकीण तुळसाबाईंच्या हातची भाकर आणि जहाल झुणका. तक्रारीला जागा नाही, हीच तक्रार.

७ मे
त्यांच्या वह्या वाचल्या. सेरेंगेटीचे छातीभर पिवळे गवत, मधूनच छत्रीसारखी बाभळ, आणि हजारोंनी नू. तोंड गायीचे, दाढी बोकडाची. ब्रह्मदेवाने उरलेल्या सामानातून केलेला प्राणी. सदाशिवराव म्हणाले की गवतात सिंह शोधायचा नसतो, तो दिसतच नाही. कळपाच्या माना बघायच्या. सगळे जिकडे टक लावतात तिकडे तो असतो. एकदा त्याने कुणाला धरले की बाकीचे माना खाली घालून चरू लागतात, जणू काही झालेच नाही. मी म्हटले, हे आमचे जुनेच अनुमान: धुरावरून अग्नी, तसा मानांवरून सिंह. ते हसले नाहीत.

१० मे
फोटोंचा आल्बम पाहिला. जिराफ, झेब्रे, हरणे, झाडून सगळी फोटो काढणाऱ्याकडे बघताहेत. जनावरांनाही फोटोची हौस दिसते, असे चिडवले. सदाशिवरावांनी आल्बम मिटला.
समोरच्या पडीक रानात तांड्यावरचा नेमसिंग शेळ्या चारतो. दुपारी पाहिले तर त्या चरत नव्हत्या. आमच्या ओसरीवर बसलेल्या सदाशिवरावांकडे तोंडे करून उभ्या होत्या. नेमसिंगने सांगितले की मालक आफ्रिकेतून परतले तेव्हापासून, तीन वर्षे, हे असेच आहे. जनावरे नुसती वाळत चालली आहेत.

१३ मे
उष्म्याने मेंदूचा पापड झाला आहे. आमचे साप्ताहिक प्रत्यक्षदर्शी वृत्तान्तच छापते, आणि सदाशिवराव स्वतः लिहायला तयार नाहीत. पण आमच्या धंद्यात याला उपाय आहे. नर्मदेचा पूर मी सीताबर्डीत बसून, बादलीत पाय बुडवून लिहिला होता. तेव्हा आज लिहिले की मी गेलो, मी त्या गवतात बसलो, मी त्या सिंहाला पाहिले. खाली माझी सही. सदाशिवरावांनी दोनदा वाचायला लावले. मग झोपले ते संध्याकाळपर्यंत. तुळसाबाई म्हणाल्या, तीन वर्षांत मालकांचे घोरणे ऐकले नव्हते.

१४ मे
सकाळी खिडकी उघडली. सगळ्या शेळ्या खिडकीकडे बघत होत्या. सदाशिवराव ओसरीवर होते. तिकडे एकीचेही लक्ष नव्हते. नेमसिंग जवळ आला नाही, लांबूनच बोलला.
“पयले मालकाकडे पाहत. आता तुमच्याकडे पाहून राह्यल्या, शास्त्रीबुवा.”

१६ मे
सदाशिवराव पहाटेच्या गाडीने गेले. उशाशी चिठ्ठी. त्यांनीही नैरोबीत एका मित्राचे पाहणे असेच ‘मी पाहिले’ म्हणून स्वतःच्या सहीने लिहून दिले होते. गवतातल्या त्याच्यापासून सुटायचा मार्ग एकच: दुसऱ्या कुणीतरी ते आपल्या नावाने लिहून सही करावी. खाली क्षमा मागितली आहे. अक्षर सुरेख.
माझा लेख जाळला. शेळ्या हलल्या नाहीत.

१८ मे
चिमण्या. कुंपणावरचा सरडा. तुळसाबाईंची गाय, तीही. तुळसाबाई काल लेकीकडे निघून गेल्या. फार थकलो आहे. बसलो की झोप येते, झोपलो की ओल्या गवताचा वास. मे महिन्यात, दारव्ह्यात.
एक बारीक गोष्ट. ही जनावरे माझ्या तोंडाकडे बघत नाहीत. खांद्याच्या जरा मागे —

२० मे
मुलींच्या शाळेतल्या सत्यशीलाबाई आल्या. घराण्यात पहिल्यांदा लेखणी धरलेली बाई, उत्साह दांडगा. आफ्रिकेचे वर्णन नेमसिंगकडून कळले; शाळेच्या अंकासाठी त्यांना ते स्वतःच्या नावाने लिहायचे आहे. प्रवास न करता प्रवासवर्णन कसे, असे मी विचारले.
“तुम्ही तरी कुठं गेलते, शास्त्रीबुवा? मंग मी लिहिलं तं काय बिघडते?”
मी कागद पुढे सरकवला. हो, सरकवला. मी सांगितले तसे त्यांनी लिहिले. मी गेले, मी गवतात बसले. पडीतल्या माना अर्ध्या वळल्या. खांद्यावरचे ओझे उतरले, आठवड्यात प्रथमच पूर्ण श्वास —
सही करायला त्यांनी टाक बुचकळला तेव्हा कागद ओढून फाडला. म्हटले, तुमचे अक्षर माझ्याहून बरे आहे, म्हाताऱ्याला सोसवत नाही. रागावून गेल्या. माना परत फिरल्या.

२१ मे, दुपार
माझ्याकडेच. बरे झाले.
वाळ्याचा पडदा कोरडा. तरी ओला वास.
खुर्चीमागे काही — मागे बघणार नाही. लिहीत राहावे. सत्यशीलाबाईंना कुणीतरी सांगा, अक्षर खरेच —

शेळ्यांनी माना खाली घातल्या. एकेक करून.
चरू लागल्या. सगळ्या.
पण मी तर अजून इथे —