गाभाऱ्यामागचा जिना

आबा, तो जिना तिथं नाहीच. यंदा उजनी धरणाचं पाणी खाली गेलं, पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं, तसा मी गाळ तुडवत आत शिरलो. गाभाऱ्यामागची भिंत चाचपली, बॅटरी मारली, मोजायचा टेप लावला. भिंत भरीव आहे. आणि माझी अख्खी कादंबरी त्या भिंतीतून वर जाते. पेशवाईतले माझे चोर देवाचा चांदीचा मुखवटा घोंगड्यात गुंडाळून त्याच चोरजिन्यानं शिखरात चढतात. दुसरी वाट मी ठेवलेलीच नाही. चोर दारातून काढून पाहिले, तर सगळे पहारेकरी आंधळे करावे लागतात. बारामतीची नोकरी सोडून हे पुस्तक लिहिलं. मी मॅट्रिक नापास, पण तोफेच्या वातीपासून घोड्याच्या नालापर्यंत माझ्या लिखाणात कुणाला चूक सापडलेली नाही, हे भाषणांत छाती काढून सांगतो. पुण्यात छपाई अडलीय ती माझ्या होकारासाठी. विचारायला तुम्ही राहिला नाहीत, म्हणून हा कागद. टाकायला पेटी नाही.

शेळगावच्या माळावर मेंढरं बसवलेली असायची आणि तुम्ही मला जिना सांगताय, 'दोनी अंगाला भित घासती, पोरा. मान वर केलीस तर डोस्कं फुटंल.' इतकं न बघता कुणी सांगतं का? घरी येऊन आईवरच ओरडलो. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "त्ये कवा गेलं आत? समदी दर्शनाला गेली की मेंढरांपाशी ह्येंलाच बसवायची. धाकटं ना! परसाद तेवढा भाईर मिळायचा." तव्यावरची भाकरी उलटून वर मलाच विचारते, "आन् तू तरी कवा गेलतास पेशवाईत?"

मला हसू आलं नाही. आज एसटीडी बूथवरून प्रकाशकांना फोन लावला. "काय राव, जिना बघून आलात ना?" म्हणालो, "आहे. तोंड गाळानं बुजलंय." "मग छापू?" "छापा." एवढ्यावर फोन ठेवायला हवा होता. बाहेरचा माणूस काचेवर टकटक करत होता, तरी मी बोलतच राहिलो, पायऱ्या मधे झिजलेल्यात, वर गेलं की वटवाघळांचा वास नाकात बसतो.

वटवाघळं तुम्ही कधी सांगितली नव्हती, आबा. ती माझी.