कोनाड्यातल्या पेशी

तात्या, दसऱ्यापासून मी माडीवरून खाली उतरलेलो नाही. खिडकीतून जेवढा ऐकू येतो, तेवढाच आता घराखालचा खासगी बाजार माझा. गुडघे वाकत नाहीत. वाकलेच, तर सरळ होत नाहीत. या गुडघ्यांना वळण तुम्हीच लावले होते. तुम्हाला दरबारात गुडघे मुडपून तासन्‌तास निश्चल बसावे लागे, म्हणून मुलानेही तसेच बसून संस्कृताची रूपे म्हणावीत, हा तुमचा दंडक. अजून दिसते: मी स्वयंपाकघराच्या दाराशी बसलो आहे. आई भाकरी थापते आहे. तृतीयेपर्यंत पोहोचतो आणि गुडघा सरकतो. "हललास! पुन्हा प्रथमेपासून." आई म्हणते, "अहो, लेकरू आहे ते, दरबारी नव्हे." "आज नसेल, उद्या होईल." झालोही. उभी हयात त्याच आसनात काढली, आणि दुखू लागले तेव्हा तो आळस समजून अधिकच ताठ बसलो.

माझ्या लेकीचा मुलगा इस्पितळात डॉक्टर आहे. काल तो सूक्ष्मदर्शक घेऊन वर आला.

"आजोबा, देखिए तो सही!"

"मराठीत सांग, मग पाहीन."

"बरं, अवलोकन करावे, महाराज!"

एका काचेवर निरोगी सांध्यातील कूर्चा होती, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत अस्तर. तिच्या पेशी आपापल्या कोनाड्यात सुबक बसलेल्या. दुसऱ्या काचेवर माझ्यासारख्याच झिजलेल्या गुडघ्यातील कूर्चा: पृष्ठभाग चिरफाळलेला, काही कोनाडे रिकामे, काहींत पेशींची नुसती दाटी.

"झीज भरून काढायला त्या एकीच्या अनेक होतात," तो म्हणाला, "पण कोनाड्याबाहेर पडता येत नाही. जागच्या जागी गर्दी. हा आळस नव्हे, आजोबा. ताठ बसून गुडघा बरा होणार नाही. उद्या माणसे आणतो, खुर्चीत बसवून खाली नेतो. ओसरीवर बिछाना घालू, माणसांत याल."

"मी काय पालखीतला देव आहे?"

तो हसला नाही. "उद्या नाही म्हणालात, तर पुन्हा विचारणार नाही."

आज सकाळी माणसे आली. खुर्ची जिन्याच्या भिंतीला घासत वर येत होती. नातू दारात उभा राहिला. "चलायचं ना?" मी गुडघे धोतराखाली झाकले, पुस्तक उघडले आणि म्हणालो, "वाचतो आहे." त्याने माणसांना परतायची खूण केली. मग खुर्ची तशीच घासत खाली गेली.

तात्या, हा कागद कोठेही जायचा नाही, म्हणून लिहितो. मला जायचे होते.