बर्फाचे टायर

सडबरी, ओंटारियो
२ डिसेंबर

प्रिय बाबा,

आम्ही मजेत आहोत. तुमचा गुडघा कसा आहे?

तुम्ही लिहिलंत, "हात सराईत असला की बारमाही टायर पुरतात." पण सोमवारी शाळेच्या उतारावर ब्रेक दाबूनही गाडी घसरतच राहिली. मागे माझ्या जुळ्या खिदळत होत्या, त्यांना तो खेळ वाटला. कुणाला लागलं नाही.

गॅरेजवाला विल्फ म्हणाला, "बाई, थंडीत ते रबर दगड होतं. दगडावर बसून उतरणार का?" मी बर्फाचे टायर बसवून घेतले. तुम्ही दिलेलं वाळूचं पोतं डिकीत आहेच.

तुमच्या गाडीला अजून बारमाहीच आहेत. म्हणून नाताळला तुम्ही गाडी काढायची नाही. मीच न्यायला येते. आयुष्यभर टॅक्सी चालवलीत, या खेपेला शेजारी बसा.

आईला जपा.

तुमची हट्टी,
ओडेट