रविवार परत मिळवण्याची मोहीम

४ जुलै, शुक्रवार

आज उपासनेहून परतताना गाडीतच ठरवलं. बस्स झालं. प्रभूचा दिवस प्रभूला परत मिळालाच पाहिजे.

आमची दुबईतली मराठी ख्रिस्ती मंडळी गेली तीस वर्षं शुक्रवारी उपासना करते. पूर्वी ठीक होतं, इथे सुट्टीच शुक्रवारी असायची. पण सुट्टी शनिवार-रविवारवर गेल्यालाही आता साडेतीन वर्षं झाली. आणि आमचे लोक अजून शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून थेट, घामेजल्या शर्टात, जांभया देत देवासमोर येतात. का? तर सवय आहे. हॉल मिळतो. आणि रविवार मॉलसाठी मोकळा राहतो.

माझं स्पष्ट मत आहे की आजच्या सगळ्या प्रश्नांचं मूळ इथे आहे. बाजाराने आधी रविवार नेला, मग जेवणाचं टेबल नेलं, मग मुलं नेली. आता मुलांना फोन वाढवतो आणि आईबाप फक्त फी भरतात. लग्नं टिकत नाहीत. पाळणे रिकामे आणि वृद्धाश्रमांना वेटिंग लिस्ट. यावर कुठल्याही देशात कुठल्याही पक्षाकडे उपाय नाही, उजव्या नाही आणि डाव्या तर नाहीच. उपाय एकच. आठवड्यातून एक दिवस सगळं घर एका छताखाली, दुकान बंद, आणि बाप पवित्र शास्त्र उघडून बसलेला.

हे शेवटचं वाक्य चांगलं झालं. भाषणात घेणे.

संकल्प: उपासना रविवारी आणणे. शिवाय आपल्या घरी रोज आठ वाजता कौटुंबिक प्रार्थना, आजपासून.

आज साडेनऊ झाले. उद्यापासून.

५ जुलै, शनिवार

आमच्या ऑफिसला शनिवारी अजून हाफ डे असतो. तरी शारजात अल नहदाला घरी पोचेपर्यंत चार. कमरेचे बारा.

वरद आपणहून माझ्याकडे आला. बारावी झाली, ऑगस्टअखेर इंजिनिअरिंगला डब्लिनला चालला आहे. म्हणाला, पप्पा, कॅन वी टॉक समटाइम? विश्वासाबद्दल. आपण खरंच मानतो, की तुम्ही मानता म्हणून मानतो, हे त्याला कळत नाही म्हणे. जायच्या आधी त्याला काही विचारायचं आहे. नॉट अ स्पीच, जस्ट टॉक, असंही म्हणाला.

मन भरून आलं. या काळात कुठल्या बापाला मुलगा असं विचारतो? अठरा वर्षं कानावर माझी भाषणं पडली, त्याचं हे फळ. उद्या रविवार, जेवण झालं की निवांत बसू, असं सांगितलं.

आठची प्रार्थना: वरद जिमला. राहिली.

६ जुलै, रविवार

मंडळीच्या पाळकसाहेबांना भेटायला गेलो. ते रविवारीच मोकळे असतात. आमच्या सौ. अनुपमाने विचारलं, आज सगळ्यांनी एकत्र जेवायचं होतं ना? मी म्हणालो, मी त्याच जेवणासाठी निघालोय, आजच्या एका जेवणाकडे बघू नकोस, पुढच्या पिढ्यांच्या जेवणांकडे बघ. ती म्हणाली, पुढच्या पिढ्यांना आमटी गरम करून देता येईल, तुम्हाला पण देईन.

पाळकसाहेब म्हणाले, विजयभाऊ, रविवारी चर्च कंपाउंडमध्ये पाय ठेवायला जागा नाही. सकाळी मल्याळी, मग तमिळ, संध्याकाळी फिलिपिनो. एकांचं शेवटचं गीत चालू असताना दुसरे दारात चपला काढतात. फार तर दुपारी दोनचा हॉल मिळेल. ऑगस्टमध्ये दुपारी दोनला कोण येणार? मी म्हणालो, आपले पूर्वज विश्वासासाठी गावाबाहेर टाकले गेले, तेव्हा त्यांनी टेंपरेचर बघितलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटून कपाळ चोळलं. माझ्या बोलण्याने असं पुष्कळांचं होतं.

निघताना म्हणाले, एक विनंती, व्यासपीठावर राजकारण नको, इथले नियम तुम्हाला माहीत आहेत. मी म्हणालो, मी राजकारण बोलतच नाही, तत्त्व बोलतो. ते म्हणाले, मागच्या वेळी तत्त्वात तीन देशांच्या निवडणुका आल्या होत्या.

घरी आलो तर वरद झोपलेला. पुढच्या रविवारी नक्की.

११ जुलै, शुक्रवार

उपासनेनंतर प्रचार. दुबईच्या करामा भागात संग्रामचं मराठी जेवणाचं हॉटेल आहे. दर शुक्रवारी आमच्या प्रीतिभोजनाला पुलाव तोच आणतो. तो म्हणाला, काका, रविवारी दुपारी माझ्याकडे थाळीसाठी फुटपाथवर रांग असते. तुम्ही येऊन वाढणार का? मग मी त्याला सविस्तर उत्तर दिलं. विसाव्याचा दिवस पवित्र पाळण्याची चौथी आज्ञा, धनाची पूजा, युरोपात रविवारी दुकानं उघडली तेव्हापासून चर्च कशी ओस पडली, सगळं. तो म्हणाला, काका, तुमचा आवाज माईकशिवाय शारजापर्यंत पोचतो. उगाच दर आठवड्याला पेट्रोल कशाला जाळता, बाल्कनीतूनच बोला!

फार हसले लोक. सत्याला लोक आधी हसतातच.

विभावरी नर्स आहे. ती म्हणाली, काका, वॉर्डला रविवार नसतो. मी उदार मनाने सांगितलं की रुग्णसेवा अपवाद, दयेची कामं कुठल्याही दिवशी चालतात. ती म्हणाली, मग आमचं अर्धं गायनमंडळच अपवाद आहे, गाणी तुम्ही म्हणा.

या लोकांबरोबर काम करायचं म्हणजे थकवा येतो. पण नांगराला हात घातलाय, आता मागे बघणे नाही.

१३ जुलै, रविवार

अबुधाबीजवळ मोहम्मद बिन झायद सिटीत मंडळीतल्या वसंतरावांचं मोठं कुटुंब राहतं. एका घरात पाच मतं. तिकडे गेलो. वरद म्हणाला, आय विल कम, गाडीत बोलता येईल. उत्तम कल्पना.

जाताना फोन चालू होते, मोहिमेचेच. एक घेतला की दुसरा. वरद शेजारी बसून वाळवंट बघत होता. पोचलो तर वसंतरावांच्या दाराला कुलूप. फोन केला तर म्हणाले, अरे, आज रविवार, आम्ही सगळे मॉलला आलोय, आधी कळवायचं ना, हबीबी.

परतीच्या वाटेवर म्हटलं, आता बोलू. बघतो तर वरदने कानात इअरफोन घातलेले. या पिढीशी संवाद कसा साधायचा, यावर भाषणात एक परिच्छेद हवा.

२० जुलै, रविवार

आज कुठेही न जाता घरी विश्रांती घ्यायची ठरवलं होतं. भाषण लिहीत बसलो. विषय: ‘बाप, घराचा याजक’. चाळीस मिनिटांचं होईल.

आठला बाहेरच्या खोलीतून गाण्याचा आवाज आला. अनुपमा आणि वरद प्रार्थनेला बसले होते. गेला आठवडाभर बसतात म्हणे. चांगली गोष्ट आहे. जरा हळू म्हणा, असं दार उघडून सांगितलं. कौटुंबिक प्रार्थनेच्या महत्त्वावरचा भाग लिहीत होतो, लिंक तुटत होती.

१ ऑगस्ट, शुक्रवार

विजय!

हात वर करून मतदान झालं. निम्मी मंडळी सुट्टीला भारतात गेलेली, त्यामुळे विरोध विस्कळीत. पाळकसाहेब थकलेल्या आवाजात म्हणाले, ठीक आहे, एक महिना करून बघू, खलास. पहिली रविवारची उपासना २४ ऑगस्ट, दुपारी दोन. संदेश माझा.

अनुपमाचा हात वर नव्हता. मी बघितलं. ती चष्मा पुसत होती.

गाडीत सिग्नलला म्हणाली, वरदची फ्लाइट पंचवीसला पहाटे आहे. चोवीस हा त्याचा घरातला शेवटचा रविवार. मी म्हणालो, मला माहीत आहे, म्हणूनच तर तो दिवस घेतला. (माझ्या डोक्यात तीस तारीख होती.) पण विचार केला तर याहून सुंदर निरोप कोणता? बाप व्यासपीठावर, मुलगा पहिल्या रांगेत. तिला तसं म्हणालो. सिग्नल हिरवा झाला, एवढंच ती म्हणाली.

१० ऑगस्ट, रविवार

वरद खोलीत आला. आर यू फ्री? मी म्हणालो, बाळा, चोवीस तारीख होऊ दे, मग मी पूर्ण तुझा. तो म्हणाला, पप्पा, चोवीसनंतर मी डब्लिनमध्ये असेन.

हा मुद्दा बरोबर होता. मी जरा विचार केला आणि म्हणालो, असं करतो, तुझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं भाषणातच देतो, एकही सुटणार नाही. तो म्हणाला, बट यू डोन्ट नो द क्वेश्चन्स.

हुशार आहे. माझ्यावर गेलाय.

१७ ऑगस्ट, रविवार

घसा बसला. आरशासमोर दोनदा पूर्ण भाषण केलं म्हणून. अनुपमाने हळदीचं दूध दिलं आणि दार लावून घेतलं. बाहेर बॅगा भरणं चालू आहे. स्वेटर जास्त की पुस्तकं जास्त यावरून मायलेकांची हसाहशी. मदतीला जाणार होतो, पण घशाला आराम हवा.

२४ ऑगस्ट, रविवार

निघायच्या वेळी अनुपमा आणि वरद तयार नव्हते. मी घड्याळ दाखवलं. अनुपमा शांतपणे म्हणाली, तुम्हीच म्हणता ना, रविवारी सगळं घर एका छताखाली हवं? आम्ही छताखालीच आहोत. तुम्हाला यायचं तर या, नाहीतर जाऊन या.

तिला तत्त्व कळलं याचा आनंद झाला. पण तीनशे माणसांचा हॉल घेतलेला. गेलो.

बाहेर उन्हाची भट्टी. आत पाळकसाहेब, ऑर्गनवाला मुलगा, ड्युटीवर जाता जाता आलेली युनिफॉर्ममधली विभावरी, आणि पुढच्या उपासनेसाठी लवकर आलेलं एक फिलिपिनो जोडपं. संग्राम नाही. वसंतराव नाहीत.

तरी बोललो. जीव तोडून बोललो. घर ही देवाने स्थापलेली पहिली संस्था आहे, सरकार नंतर आलं, बाजार त्याहून नंतर. राज्य मुलाला शाळा देईल, कंपनी पगार देईल, फोन करमणूक देईल. पण रात्री अंधारात त्याला शंका आली की तो कुणाकडे जाईल? हा प्रश्न विचारून मी थांबलो. फिलिपिनो भाऊ आमेन म्हणाला. त्याला मराठी येत नाही, पण आत्मा पोचला.

तेवढ्यात त्यांचा ड्रमवाला येऊन ड्रम लावायला लागला. वेळ संपली होती. बापाने मुलाचं ऐकून घ्यावं, हा मुख्य मुद्दा शेवटी ठेवला होता. तो राहून गेला.

घरी आलो तेव्हा टेबल आवरलेलं. वरद झोपला होता, पहाटेची फ्लाइट. अनुपमा म्हणाली, दुपारच्या जेवणापासून पाचपर्यंत आम्ही दोघं टेबलावरच होतो. त्याने सगळं विचारलं. मी म्हणालो, तू काय सांगितलंस? ती म्हणाली, जे येत होतं ते सांगितलं. नाही आलं तिथे सांगितलं की मलाही माहीत नाही, कधीकधी मलाही शंका येते, तरी मी जाते आणि बसते.

मी म्हणालो, हे शास्त्रशुद्ध उत्तर नाही. ती म्हणाली, नसेल. आणि माझं ताट गरम करायला गेली.

२५ ऑगस्ट, सोमवार

विमानतळ. अनुपमाही पंधरा दिवसांसाठी बरोबर गेली, त्याचं बस्तान बसवायला. निरोपाचे चार शब्द तयार ठेवले होते. वरदने आधीच मिठी मारली. बराच वेळ. मग म्हणाला, यल्ला पप्पा, निघतो, टेक केअर, आणि ट्रॉली ढकलत गेला. चार शब्द खिशातच.

ऑफिसला वेळेवर पोचलो. दिवसभर डोळे चुरचुरत होते. धूळ फार आहे सध्या.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

पाळकसाहेबांनी सांगितलं की दोनच्या हॉलला दुसऱ्या एका मंडळीने विचारलंय आणि आपली संख्या बघता... आजपासून पुन्हा शुक्रवार. मी म्हणालो, माघार नाही, ही फेररचना आहे. ते हो म्हणाले. संग्रामने पुलाव आणला होता, गर्दी चांगली होती. आज सगळे माझ्याशी नेहमीपेक्षा प्रेमाने वागले. संग्रामने पुलावावरची कोथिंबीर बाजूला करून मला मटणाचे तुकडे वाढले. काका, खा, घरी कोणी नाही ना, म्हणाला.

३१ ऑगस्ट, रविवार

कित्येक महिन्यांत पहिल्यांदा पूर्ण मोकळा रविवार. ना फोन, ना प्रचार. ठरल्याप्रमाणे दुकानात गेलो नाही. जेवण टेबलावर बसून केलं. आठला शास्त्र उघडून बसलो. मोठ्याने वाचायला सुरुवात केली, पण रिकाम्या खोलीत आवाज फार घुमतो. मनातच वाचलं.

फॅमिली ग्रुपवर वरदचा मेसेज आला होता. सकाळी हॉस्टेलजवळच्या एका चर्चमध्ये गेला होता. आपणहून. मागच्या बाकावर बसला, नंतर म्हाताऱ्या बायकांनी सूप दिलं. खाली लिहिलंय: डोन्ट मेक इट अ थिंग, पप्पा.

छे, मी कशाला काही करतोय. फक्त एक व्हॉइस मेसेज पाठवला. राहून गेलेला मुख्य मुद्दाही त्यात घेतला, त्यामुळे जरा लांबला.

त्याने अजून ऐकलेला नाही. तिकडेही रविवारच आहे. विश्रांती घेत असेल.